जुन्या वळणाचं भेटकार्ड: शाईच्या थरांचा चिखल का होतो?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. दिवाळीसाठी घरच्या घरी जुन्या वळणाची भेटकार्डं करायची आहेत. शिक्के आहेत, पिवळी, हिरवी आणि जांभळी अशा तीन शायांचे पॅड आणलेत. पण रंगावर रंग दिले की सगळं मळकट तपकिरी होतं. वरचा बारीक रेषांचा शिक्का फिसकटतो. कडांना ब्राउन शाई घासली तर कार्ड जुनं दिसायच्या ऐवजी कळकट दिसतं. तेव्हा कोणत्या कंपनीची शाई घ्यावी?

कंपनीचं शेवटी सांगतो. आहेत त्या पॅडांवरही काम पुष्कळ सुधारेल, कारण तुमच्या वर्णनावरून अडचण शाईत दिसत नाही. तुम्ही एक कार्ड हातात घेता आणि ते पूर्ण करूनच खाली ठेवता. पिवळा, लगेच हिरवा, लगेच जांभळा, लगेच रेषा. थर म्हणायचं तर खालचा रंग वाळलेला हवा. ओल्यावर ओलं गेलं की त्याचं कालवण होतं, मग शाई कितीही महागाची असो.

मी कुठून बोलतोय तेही सांगून ठेवतो. माझी सुरुवात सदाशिव पेठेतल्या एका छोट्या छापखान्यात झाली, ट्रेडल मशीनवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाईयंत्रावर, लग्नपत्रिका छापायच्या. हातानं कार्डं करायला नंतर लागलो. त्यामुळे शिक्क्याकडे मी छापखान्याच्या नजरेनं बघतो. नुसत्या हौसेनं कार्डं करणारी मंडळी काही गोष्टी वेगळ्या सांगतील आणि त्यांची कार्डंही सुंदर असतात. शिवाय तुम्ही दहा करणार की शंभर, हातात देणार की पोस्टानं पाठवणार, कार्डावर नंतर पाण्याचा ब्रश फिरवणार की नाही, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. दिवाळीसाठी पंचवीस-तीस कार्डं आणि काम सप्टेंबरमध्ये सुरू, असं धरून लिहितो.

जुनं म्हणजे नेमकं काय दिसतं?

जुनं दिसावं म्हणून बहुतेक जण पहिल्यांदा ब्राउन शाई उचलतात. त्याआधी एकदा जुना छापील कागद भिंगाखाली धरून बघा. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारलीत तर फाटकी कॅलेंडरं, देवांच्या तसबिरी, आगपेट्यांची लेबलं काहीतरी हाताला लागतंच. घरातल्या देवघरातली तसबीरही चालेल. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा काढली. तिथून देवादिकांची आणि पेशवाईतल्या माणसांची शिळाछापाची, म्हणजे दगडावर चित्र काढून त्यावरून छापलेली, चित्रं निघायची. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे आपल्या लोणावळ्याजवळच्या मळवलीला आला. या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड असायचा. एक रंग सगळ्या कागदांवर छापायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा दगड.

भिंगातून बघितलंत की दिसेल, देवीच्या गालावरचा गुलाबी रंग सपाट नाही. तो बारीक ठिपक्यांनी कानाकडे दाट होत गेलाय. ओठाचा लाल रंग ओठाच्या रेषेबाहेर केसभर सरकलाय. साडीच्या काठाचा हिरवा म्हणजे खाली पिवळा आणि त्यावर निळा, आणि काठ संपतो तिथे पिवळ्याची एक बारीक किनार उघडी राहिलीय. काळा वाटणारा रंग बऱ्याचदा गडद तपकिरी निघतो. कागद पांढराशुभ्र तर नाहीच.

आपल्या डोळ्याला जुनं वाटतं ते या सगळ्यामुळे. मोजके रंग, एकमेकांतून डोकावणारे, जागेवरून किंचित हललेले, आणि मागे मोतिया किंवा बदामी कागद. कडांचं तपकिरीपण ही त्या कागदावर नंतर आलेली अवकळा आहे. छपाई जुन्या पद्धतीची नसेल तर कडा कितीही घासल्या तरी नवीन कार्डाला डाग पडल्यासारखंच दिसणार.

तुमच्या तीन रंगांचं काय झालं

पॅडवर काय लिहिलंय ते बघा. साध्या हौशी पॅडांपैकी बहुतेक डाय शाईचे असतात. डाय म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. तो कागदात मुरतो आणि पारदर्शक राहतो, म्हणून खालचा रंग वरच्यातून दिसतो आणि दोन्ही मिळून तिसरा तयार होतो. पिवळ्यावर निळा दिला तर हिरवा, इथवर आनंद आहे. पण पिवळा आणि जांभळा हे एकमेकांच्या विरुद्ध रंग, एकमेकांना मारतात. लाल आणि हिरवा, निळा आणि नारिंगी या जोड्याही तशाच. तुमच्याकडे ही जोडी होतीच, त्यात शाई ओली, त्यात मध्ये हिरवा. तपकिरी होणारच होतं.

पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात आणि ते कागदाच्या वर बसतात. ती दाट, झाकणारी असते, उन्हात लवकर उडत नाही, पण वाळायला वेळ घेते. गुळगुळीत कोटेड कागदावर तर दिवसदिवस हाताला लागते. तिसरी तेलाच्या आधाराची पक्की शाई. ही वाळली की पाण्यानं हलत नाही, म्हणून बारीक रेषांना हीच. बाजारात ‘आर्काइव्हल’ किंवा ‘वॉटरप्रूफ’ असं लिहिलेलं असतं. डिस्ट्रेस म्हणून मिळतात त्या डायच, पण जरा जास्त वेळ ओल्या राहणाऱ्या, म्हणजे स्पंजनं पसरवता येतात आणि पाण्याचा थेंब टाकला की फुलतात. त्यांच्यातलाच ऑक्साइड प्रकार डाय आणि पिगमेंट मिळून केलेला असतो, वाळल्यावर खडूसारखा फिका आणि थोडा अपारदर्शक होतो. जुन्या कार्डासाठी मला तो फार उपयोगी वाटतो.

ऑफिसचा जांभळा स्टँप पॅड जवळपास प्रत्येक घरात असतो, म्हणून त्याबद्दल वेगळं सांगतो. ती शाई मुद्दाम सावकाश वाळणारी केलेली असते, नाहीतर पॅडच सुकून जाईल. ती खालच्या थराला कधीच वापरू नका, वर काहीही दिलं तरी बाजूनं पसरत राहते. तुमचा जांभळा त्यातला असेल तर निम्मा उलगडा तिथेच झाला.

रंगांची निवड मी अशी करतो: शेजारचे दोन आणि गडद एक. गेरू आणि विटकरी, वर गडद तपकिरी. किंवा फिका पिवळा आणि शेवाळी, वर तपकिरी. किंवा अबोली आणि डाळिंबी. विरुद्ध रंग पूर्ण टाळायचा असंही नाही. पोपटी हिरवा फार झगझगीत वाटत असेल तर तो पूर्ण वाळल्यावर स्पंजला अगदी नावापुरता विटकरी लावून वरून फिरवा. हिरव्याचा तोरा उतरतो आणि तो एकदम चाळीस वर्षं जुना दिसायला लागतो. दोघे एकमेकांना मारतात हे खरं, पण चिमूटभर मारलं तर फायद्याचंच.

एक रंग, सगळी कार्डं

एवढ्या लांबलचक उत्तरातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: कार्डागणिक काम करू नका, रंगागणिक करा. तीसही कार्डांवर पहिला रंग द्या, पसरून ठेवा, पॅड बंद करून उठा. तिसाव्यापर्यंत पोचता तोवर पहिलं वाळलेलं असतं. हात एकाच दाबाला बसतो, त्यामुळे ठसेही सारखे येतात. एक शिक्का, एक पॅड एवढंच टेबलावर राहतं, घोळ होत नाही. छापखान्यात दुसरा मार्गच नव्हता. घरी मार्ग असतो म्हणून गडबड होते.

क्रम फिक्याकडून गडदाकडे. ट्रेडलवर रंगीत काम असलं की आमच्याकडे पिवळा पहिला चढायचा आणि काळा शेवटी, तेच इथे. त्याचं एक साधं कारण असं की फिका चुकला तर त्यावर गडद बसवून सावरता येतं, गडद चुकला की कागद गेला. दुसरं कारण पॅडचं. गडद रंग ओला असताना त्यावर फिक्या शाईचा शिक्का दाबला तर शिक्क्याला गडद रंग लागतो, तो परत पॅडला लागतो, आणि मग पिवळा पॅड कायमचा पिवळा राहत नाही.

एका अपवादाची नोंद करतो. रेषांचं चित्र आधी पक्क्या शाईनं उमटवून आत पाण्याचे रंग भरायचे असतील तर गडद पहिला येतो. मग ती शाई खरोखर वाळलेली हवी. मी एक रात्र जाऊ देतो. ‘हाताला लागत नाही’ आणि ‘पाण्यानं हलणार नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वाळण्याची परीक्षा बोटानं घेऊ नका. बोटाला तेलकटपणा असतो, तो कागदाला लागतो आणि पुढचा रंग तिथे धरत नाही. टिश्यू पेपरचा तुकडा ठशावर ठेवून तळव्यानं दाबा, उचला. कोरा आला तर पुढे जा.

पुण्याच्या हवेचं गणित यात मोठं आहे. एप्रिलमध्ये डाय शाई इतकी भराभर सुकते की स्पंजनं पसरवायला वेळच मिळत नाही, पट्टे उठतात. पंखा बंद करून काम करा. याउलट दिवाळीची कार्डं करायची वेळ येते ती नेमकी भाद्रपदात, हवा दमट असताना. तेव्हा पिगमेंट आणि तेलाच्या शायांना रात्रभर द्यावीच लागते. हीट गन (गरम हवा सोडणारं अवजार) असेल तर चार-सहा इंचांवरून फिरवत राहा, एका जागी धरलीत की कागद वाकतो. केस वाळवायचा ड्रायर शाई सुकवायला चालतो. एम्बॉसिंग पावडर (ओल्या ठशावर टाकून वितळवली की ठसा उठावदार करणारी) मात्र त्यानं वितळत नाही, उलट उडून जाते.

दमट हवेचा आणखी एक ताप: कागद ओल शोषून वाढतो, आणि धाग्याच्या आडव्या दिशेनं जास्त वाढतो. आज पहिला थर दिला, तीन दिवसांनी पाऊस असताना दुसरा दिला तर चित्र जुळत नाही आणि दोष शिक्क्याला जातो. दोन थरांच्या मधल्या काळात कार्डं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर जाड पुस्तकं ठेवा. एकदा वाळलेलीच, ओली नव्हेत.

कागद

इथे पैसे वाचवू नका. साध्या झेरॉक्सच्या कागदावर दोन थरांत पृष्ठभाग उकलायला लागतो आणि स्पंजला तंतू लागतात. किमान २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा), गुळगुळीत पण न चकाकणारा, मोतिया छटेचा कागद घ्या. अप्पा बळवंत चौकात किंवा रविवार पेठेत कागदवाल्याकडे सुटे ताव मिळतात. दुकानात उभ्या उभ्या दोन गोष्टी बघायच्या. एक, ताव दोन्ही दिशांना हलकाच वाकवून बघायचा. ज्या दिशेनं सहज वाकतो ती धाग्याची दिशा, आणि घडी त्याच दिशेनं यायला हवी, नाहीतर घडीवर कागद फुटतो. दोन, कोपऱ्यावर पाण्याचा थेंब. तो लगेच आत गेला तर शाईही अशीच पसरणार.

हातकागदाचा मोह पुण्यात कुणाला होत नाही? शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० सालची, गांधीजींच्या प्रेरणेनं निघालेली. लाकडाचा लगदा नाही, सुती चिंध्यांचा कागद. त्याच्या कडा नैसर्गिकच झिरमिळ्या असतात आणि अर्धं जुनेपण त्यातच येतं. पण खरबरीत हातकागदावर बारीक रेषांचा शिक्का तुटक उमटतो. त्यासाठी त्यातल्या त्यात गुळगुळीत ताव निवडा, किंवा मी करतो तसं करा: चित्र वेगळ्या गुळगुळीत तुकड्यावर छापा आणि तो तुकडा हातकागदाच्या कार्डावर चिकटवा. तुकडा खराब झाला तर तुकडाच जातो, कार्ड वाचतं. साध्या कागदाला तशी कड हवी असेल तर पट्टीच्या धारेवर ओल्या ब्रशनं रेघ मारा, अर्धा मिनिट थांबा आणि सावकाश फाडा.

खाकी क्राफ्ट पेपर ‘व्हिंटेज’ म्हणून सर्रास विकला जातो. त्यावर डायचे पारदर्शक रंग मरतात. पिगमेंटचा पांढरा आणि गडद तपकिरी एवढंच शोभतं.

मापाचं सोपं आहे. ए-४ चा ताव मधून कापा, दोन ए-५ होतात, त्यांची घडी घातली की १०५ × १४८ मिलिमीटरचं कार्ड. त्याला सी-६ पाकीट बसतं. घडीची रेघ आधी बोथट टोकानं आखून घ्या. शाई संपलेलं बॉलपेन उत्तम.

ठसा जागेवर कसा बसवायचा

एका चित्राचे दोन-तीन शिक्के एकावर एक जुळवायला बाजारात झाकणवाला स्टँपिंग प्लॅटफॉर्म मिळतो. चांगला असतो, पण महाग. तुम्ही सीडीची जुनी पारदर्शक डबी शोधा. आतला खाचांचा ट्रे काढून टाका. खालच्या बाजूला कोपऱ्यात पुठ्ठ्याची काटकोनी पट्टी चिकटवा, म्हणजे प्रत्येक कागद त्याच जागी बसेल. ९ × ११ सेंटीमीटरचा तुकडा आरामात मावतो. पारदर्शक पॉलिमरचा शिक्का कागदावर हवा तिथे पालथा ठेवा आणि झाकण लावा. शिक्का झाकणाला चिकटून वर येतो. आता शाई लावा, झाकण मिटा, दाबा. पुसट आला तर परत शाई लावून परत दाबा, ठसा अगदी त्याच जागी पडतो.

डबी खोल असल्यामुळे शिक्का कागदापर्यंत पोचत नाही असं वाटेल. कागदाखाली पुठ्ठा आणि वर्तमानपत्राच्या घड्या भरून उंची जुळवा. छापखान्यात याला मेकरेडी म्हणतात आणि अर्धी सकाळ त्यात जायची. मध्यभागी ठसा पुसट आणि कडांना दाट येत असेल तर मधोमध वर्तमानपत्राचा छोटा तुकडा जास्तीचा घाला. दाब वाढवण्यापेक्षा हा उपाय फार चांगला. जोर लावला की रेषेच्या बाजूनं शाई बाहेर येते, तुमच्या फिसकटण्याचं ते एक कारण असू शकतं. दुसरं कारण म्हणजे पॅडवर शिक्का दाबून धरणं. पॅड शिक्क्यावर हलके हलके टेकवा, शिक्का पॅडवर आपटू नका.

नवा पॉलिमरचा शिक्का शाई धरत नाही, थेंब थेंब होतात. खोडरबर त्यावर हलकेच फिरवा, तकाकी जाते. रबराच्या शिक्क्याला हे करावं लागत नाही. स्टेझऑनसारख्या सॉल्व्हंट शाया पॉलिमरला वापरू नका, हळूहळू शिक्का कडक होतो. धुवायला ओलं फडकं पुरतं. उन्हात वाळवू नका.

स्वतःच्या रेखाटनाचा शिक्का करायचा असेल तर ऑफिसचे रबरी शिक्के करून देणारे दुकानदार तेही करून देतात. लाकडी मूठ किंवा यंत्र नको, नुसतं रबर द्या म्हणायचं. थरांसाठी एकाच चित्राची वेगवेगळी रेखाटनं द्या, आणि भरीव आकार रेषांच्या चित्रापेक्षा किंचित मोठा ठेवा, म्हणजे रेषेखाली रंग थोडा सांडलेला दिसेल. जुन्या छपाईतली ती केसभर सरकलेली कड अशी आपोआप मिळते. मोडीतला मजकूर घालणार असाल तर आधी मोडी वाचता येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. उलट्या काना-मात्रांची कार्डं मी लोकांच्या दिवाणखान्यात लावलेली पाहिली आहेत.

एक कार्ड प्रत्यक्षात: आकाशकंदील

समजा कंदिलाचे दोन शिक्के आहेत: एक भरीव आकाराचा, एक रेषांचा. पहिल्या बैठकीत स्पंजला गेरू शाई घ्या. आधी रद्दी कागदावर स्पंज टिपून घ्या. मग सुरुवात कार्डाच्या बाहेरून करून गोल गोल फिरवत आत या. थेट मध्यभागी स्पंज टेकवलात की तिथे गोल डाग पडतो आणि तो जात नाही. मध्यभाग जवळपास कोरा ठेवा, कंदिलाचा उजेड तिथे आहे. सगळी कार्डं अशी करून ठेवून द्या.

दुसऱ्या बैठकीत भरीव शिक्का, शाई अबोली. शाई लावून पहिला ठसा रद्दीवर मारा आणि परत शाई न लावता दुसरा कार्डावर. हा दुसरा ठसा फिका, किंचित खरबरीत येतो. जुन्या छापाला सर्वांत जवळ जाणारी गोष्ट हीच, आणि तिला वेगळी शाई विकत घ्यावी लागत नाही. वाळल्यावर त्याच शिक्क्याला पूर्ण शाई लावा, पण कंदिलाचा उजवा अर्धा भाग चिकट चिठ्ठीनं झाकून फक्त डावीकडे दाबा. एका पॅडमधून उजेड आणि सावली अशा दोन छटा मिळाल्या. चिठ्ठीची कड सरळ न ठेवता फाडलेली ठेवा, नाहीतर मधोमध रेघ आखल्यासारखी दिसते.

रात्र जाऊ द्या. तिसऱ्या बैठकीत रेषांचा शिक्का, गडद तपकिरी पक्क्या शाईत. काळा घेऊ नका, काळा या फिक्या रंगांवर कालच छापल्यासारखा दिसतो. रेषा थोड्या हलल्या तर हलू द्या. खाली मजकूर ‘दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’, आणि मागच्या बाजूला हातानं ‘आपला नम्र’ वगैरे.

आता कडा. हे सगळं झाल्यावर, सगळ्यात शेवटी, आणि वाटतं त्याच्या निम्मंच. कागद उभा धरून फक्त त्याच्या जाडीवर स्पंज फिरवा, तोंडावर नको. जुन्या कागदावर ते भुरकट ठिपके पडतात तसे हवे असतील तर तपकिरी शाईत पाणी घालून जुन्या टूथब्रशनं शिंतोडे उडवा, एका कोपऱ्यात, चारी कोपऱ्यांत नव्हे. रेषा पक्क्या शाईच्या असल्यामुळे त्यांना काही होत नाही, पण खालच्या डायवर पाणी पडलं तर ती हलेल, म्हणून ब्रश जवळपास कोरडा ठेवा.

चहाच्या पाण्यात कागद बुडवायचा असेल तर तो पहिला थर, छपाईच्या आधी. बिनदुधाचा, आणि कृपा करून बिनसाखरेचा. मुंग्या येतात. बुडवलेला कागद फडक्यात टिपून, उलट बाजूनं इस्त्री फिरवून वजनाखाली ठेवा. पावसाळ्यात मी हा खटाटोप करत नाही, बुरशी धरते. हळदीच्या रंगाबद्दल कुणीतरी विचारेलच: उजेडात लवकर उडतो आणि साबणाचा हात लागला तर लाल होतो.

पोस्टानं पाठवणार असाल तर कार्डाच्या तोंडावर बटर पेपरचा तुकडा घालून मग पाकिटात सरकवा. पिगमेंट शाई उन्हात तापलेल्या पेटीत पाकिटाला चिकटलेली मी बघितली आहे. आणि कार्ड कुणी फ्रेम करणार असेल तर डाय शाई खिडकीसमोर फिकी होते हे त्यांना सांगून ठेवा.

आता शाई

फक्त तीनच पॅड घ्यायचे तर माझी यादी अशी: डिस्ट्रेस ऑक्साइड प्रकारातला गेरूच्या जवळचा एक फिका, त्याच प्रकारातला एक विटकरी, आणि रेषांसाठी गडद तपकिरी पक्की शाई. रेषांसाठी रेंजरची आर्काइव्हल चालते, व्हर्साफाइनही चालते. व्हर्साफाइनमध्ये रेषा जास्त बारीक येतात, पण ती वाळायला वेळ खाते, सप्टेंबरमध्ये तर फारच. ऑक्साइडचे लहान पॅड मिळाले तर तेच घ्या, तीस कार्डांना पुरून उरतात.

तुमच्याकडचा पिवळा पॅड तसाच वापरा, पहिल्या थराला, रद्दीवर एकदा टिपून. जांभळा कार्डाच्या कोपऱ्यात गोल शिक्क्यासाठी ठेवा, टपालाच्या ठशासारखा, अर्धा कार्डावर आणि अर्धा बाहेर, आणि अगदी शेवटी. जुन्या दस्तांवर जांभळे शिक्के असतातच, तिथे तो खपून जातो. हिरवा या दिवाळीला बाजूला राहू दे. पाडव्याच्या कार्डांवर कडुनिंबाची डहाळी काढाल तेव्हा लागेल, आणि तेव्हा हवा कोरडी असेल, वाळण्याची चिंता नाही.